परसात कोंबडे किती ठेवावेत?

वीस कोंबड्यांमागे पाच कोंबडे पोसणारी घरे आम्ही पाहिली आहेत. पहाटेपासून झुंजी, कोंबड्यांच्या पाठीची पिसे उडालेली आणि मालकाची तक्रार एकच, की या धंद्यात काही उरत नाही. उरणार कसे?

हिशेब साधा आहे. कोंबडी नराशिवायही अंडी देते. ती खायला-विकायला उत्तम. फक्त त्यांतून पिले निघत नाहीत. तेव्हा नुसती अंडी विकायची असतील तर एकही कोंबडा नको. पिले काढायची असतील तर ८ ते १० कोंबड्यांमागे एक पुरे. मोठा कोंबडा दिवसाला १०० ते १२० ग्रॅम दाणा खातो. तीन जादा कोंबडे म्हणजे महिन्याला ९ ते ११ किलो दाणा फुकट!

दोन कोंबडे ठेवायचे तर लहानपणापासून एकत्र वाढलेले ठेवावेत. परका नर एकाएकी खुराड्यात सोडू नये. दाणा-पाणी दोन ठिकाणी ठेवावे. बाकीचे तरणे नर वेळीच विकावेत.

एकाच रक्ताचा नर पिढ्यान्‌पिढ्या चालवल्यास पिले अशक्त निपजतात. म्हणून तो बाहेरून आणून बदलावा. जुन्याचे बीज कोंबडीत दोन-तीन आठवडे टिकते. त्यानंतरचीच अंडी उबवायला ठेवावीत.

कोंबडा परसाची शान खरा. पण त्या शानीपायी घरच्या बायांनी कष्टाने जमवलेली अंड्यांची कमाई जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे.