झाडांखालचं घर

बदलापूरहून कर्जत लोकलने निघालं की वांगणी, शेलू आणि मग माथेरानच्या पायथ्याचं नेरळ. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या माणसाला माथेरान इतकं जवळ आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीच्या या पठारावर लोक पॉइंट बघतात, घोड्यावर बसतात, चिक्की घेतात आणि परततात. बाजारापासून थोडं दूर, झाडीच्या आत एक जुना बंगला आहे, बार हाऊस. ‘व्हरांडा इन द फॉरेस्ट’ या नावाने तो मोजक्या खोल्यांचा निवास म्हणून ओळखला गेला. रानात माणसाने राहायचं तर घर कसं बांधावं, याचा इतका चांगला धडा आपल्या भागात दुसरा मला ठाऊक नाही.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट मे १८५० मध्ये चौक गावाच्या बाजूने हा डोंगर चढले. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर ते परत आले आणि त्यांनी घर बांधायला घेतलं. पाठोपाठ ज्या मोजक्या लोकांनी वर घरं बांधली त्यांत कॅप्टन बार होते. त्यांच्या बंगल्याचं साल १८५२ सांगतात. कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरमार्गे नेरळच्या पुढे जाणारा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाला, आणि डोंगर चढणारी छोटी गाडी तर १९०७ साली. म्हणजे या घराच्या वेळी वर न्यायची प्रत्येक वस्तू माणसाच्या डोक्यावरून किंवा जनावराच्या पाठीवरून जायची.

पहिल्या बंगल्यांचं सगळं शहाणपण मला या अडचणीत दिसतं. खालून जड सामान आणणं परवडणारं नव्हतं, तेव्हा डोंगराकडे जे आहे त्यात भागवायचं. माथेरानचा माथा जांभ्याचा आहे. बेसॉल्टच्या थरांवर हे तांबड्या, सच्छिद्र दगडाचं टोपण बसलेलं आहे. नुकता काढलेला जांभा मऊ असतो, त्याचे चिरे सहज घडवता येतात आणि वाऱ्या-उन्हात तो कठीण होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या लोकांना हे सांगायला नको. छपराचंही तसंच, जवळ मिळेल त्यात भागवायचं. मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला, म्हणजे सुरुवातीच्या बंगल्यांवर ती कौलं असणं शक्यच नव्हतं. आज जुन्या बंगल्यांवर दिसणारी कौलं आणि पत्रे नंतरचे आहेत.

पण खरी गोष्ट व्हरांड्याची. कोकणातल्या घराला पडवी असते तसाच हा भाग, फक्त इथे तो घराच्या कडेला चिकटलेला नाही. घर जमिनीपासून उचललेल्या जोत्यावर आहे आणि व्हरांडा इतका ऐसपैस की जेवण, वाचन, गप्पा, दुपारची डुलकी सगळं तिथेच. आतल्या खोल्या झोपण्यापुरत्या. बहुतेक रिसॉर्टांत नेमकं उलट असतं: खोली मोठी, तिला काचेची भिंत आणि भिंतीपलीकडे ‘व्ह्यू’. काचेआड एसी लावून बसलेल्याला हवा ओलसर झाली, पाखरांचा आवाज बदलला, पाऊस दरीतून वर सरकतोय, यातलं काहीच कळत नाही. व्हरांड्यात बसलेल्याला ते लगेच कळतं.

या व्हरांड्याला कामंही बरीच. माथेरानला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत आणि वाऱ्यासकट. उतरत्या छपराची वळचण खोल असली की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. तरी झड आत येतेच. ती आधी व्हरांड्यात येते, भिंतीपर्यंत पोचेतो तिचा जोर ओसरलेला असतो. उन्हाळ्यात तीच सावली भिंती तापू देत नाही. उंच छतामुळे गरम हवा वर जाते. जोत्यामुळे फरशीला ओल कमी चढते, आणि सच्छिद्र जांभा अंगणातलं पाणी पटकन पिऊन टाकतो. ते पाणी खाली मुरतं, झऱ्यांना मिळतं. अंगणात काँक्रीट ओतलं की हा सगळा व्यवहार थांबतो. माथेरानच्या लाल वाटांवर पेव्हर ब्लॉक बसवण्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्याला क्षुल्लक म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आणखी एक मोलाची बाब म्हणजे हे घर झाडांपेक्षा ठेंगणं आहे. वर जांभूळ, अंजनी, हिरड्यासारख्या झाडांचं छत, त्याखाली बंगला. वरून पाहिलं तर रान सलग दिसावं. शेकरू जमिनीवर फारसं उतरत नाही, एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेप घेत हिंडतं. चार मजली इमारतीसाठी शेंडे तोडले की त्याची वाटच तुटते. माकडं मात्र व्हरांड्यात हक्काने येतात, टेबलावरचं पळवतात. पाहुण्यांना त्रास होतो खरा, पण रानात घर बांधलं की शेजार स्वीकारावाच लागतो.

४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र झाला. गावात मोटारींना आधीपासूनच मज्जाव. त्या गावाबाहेर दस्तुरी नाक्यावरच थांबतात. ही बंदी लोकांना गैरसोयीची वाटते. मला तीच इथल्या वास्तुकलेची खरी राखणदार वाटते. ट्रक दारात आला असता तर जुना बंगला पाडून नवा उभा करणं किती सोपं झालं असतं!

जुनं घर टिकवायला मात्र पैसा लागतो. लाकडाला वाळवी, कौलांखाली गळती, दर पावसाळ्याआधी डागडुजी. वर्षातून चार दिवस येणाऱ्या मालकांना ते झेपत नाही, म्हणून कितीतरी बंगले कुलूपबंद पडून खचले. बार हाऊसला पाहुण्यांनी तारलं. नीमराणा या हॉटेल समूहाने त्याचा निवास केला तेव्हा व्हरांडा बंद करून चार खोल्या वाढवण्याचा मोह टाळला, हे मी मोठं काम मानतो.

आता बारवी धरणाच्या वाटेला, कोंडेश्वरकडे, वांगणीच्या डोंगरउतारांवर फार्महाऊस उठताहेत. उतार कापून सपाट करायचा, झाडं काढायची, लॉन लावायचं आणि वर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ अशी पाटी लावायची. ज्यांच्याकडे तिथे जमीन आहे त्यांनी आराखडा काढून घेण्याआधी आपल्या वास्तुविशारदाला घेऊन एकदा नेरळहून वर जावं. जमलं तर जुलैत, पाऊस कोसळत असताना, म्हणजे वळचण किती खोल ठेवायची आणि जोतं किती उचलायचं याचा हिशेब त्याला जागेवरच घेता येईल.