तार आणि आंतरजाल : हेमलकसा परिसरातील वृद्ध मातापित्यांच्या दूरध्वनीचा प्रश्न

हेमलकसा हे गाव गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात, आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या जंगलरस्त्यावर, पर्लकोटा नदीच्या अलीकडे वसले आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला आणि १९७६ मध्ये आश्रमशाळा निघाली. त्या काळी ऐन तारुण्यात असलेली पिढी, मग ती बाहेरून आलेली असो वा परिसरातील माडिया गावांतली, आता वार्धक्याला पोहोचली आहे. आणि अशा घरांतील मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी नागपूर, पुणे अथवा त्याहून दूर गेलेली असणे नवलाचे नाही. आंतरजालावरील स्वस्त संभाषण आणि घरातील जुना दूरध्वनी यांची सांगड कशी घालावी, हा शहरात सोयीचा वाटणारा प्रश्न येथे निराळे रूप धारण करतो. पावसाळ्यात नदीला पूर येऊन रस्ता बंद होतो, वीज जाते, आणि नेमक्या त्याच वेळी मुलाला आईवडिलांची खुशाली हवी असते.

दोन साधनांतील मूलभूत भेद आवाजाचा नसून विजेचा आहे. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीस घरच्या विजेची गरज नसते. केंद्रातील ४८ व्होल्टांच्या घटमालेतून येणारा प्रवाह त्याच तारेवरून त्यास चालवितो. घरात अंधार असला तरी घंटी वाजते ती यामुळेच. (बिनतारी हस्तक असलेले यंत्र जोडले की हा लाभ नाहीसा होतो, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.) आंतरजालावरील संभाषणास मात्र घरातील मोडेमला, वाटेतील प्रत्येक जोडणीला आणि दूरच्या सेवायंत्राला एकाच वेळी वीज लागते. फायबरवरून मिळणारा तथाकथित 'लँडलाइन' हाही या दुसऱ्याच वर्गात मोडतो. त्याचे यंत्र जुने दिसते, क्रमांकही जुन्या धर्तीचा असतो. परंतु आतील आवाज लहान लहान पुडक्यांतच प्रवास करतो आणि मोडेम विझताच यंत्र मुके होते. अशा घरात 'दोन मार्ग आहेत' असे समजणे हा भ्रम होय. मार्ग एकच, त्याला दरवाजे दोन.

यापेक्षाही दुर्लक्षित राहिलेला एक भेद आहे. सी-डॉट या संस्थेने ग्रामीण भागासाठी घडविलेले १२८ जोडण्यांचे स्वयंचलित केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे प्रथम बसले. वातानुकूलनाशिवाय, धूळ व उष्णता सोसून चालणारे हे केंद्र गावातल्या गावात स्वतःच जोडणी करून देई. बाहेरची वाट तुटली तरी गावातला मनुष्य गावातल्या दवाखान्याशी बोलू शके. आंतरजालावर शेजारच्या घराशी बोलावयाचे झाले तरी दोन्ही यंत्रांना प्रथम दूरच्या सेवायंत्राशी बोलावे लागते. बाहेरची जोडणी तुटली की शेजारीही तितकाच दूर जातो. एकट्या वृद्ध स्त्रीला रात्री बरे वाटेनासे झाल्यास तिला अमेरिकेतील मुलापेक्षा हाकेच्या अंतरावरील माणूस अधिक हवा असतो. म्हणून स्वस्ताईच्या हिशेबात जिवंत तार काढून टाकण्यापूर्वी हा विचार करणे अगत्याचे आहे.

तथापि तारेची बाजू सर्वस्वी उजवी नाही. दूरध्वनीच्या रूढ पट्ट्यात ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच कंपने जातात. वार्धक्यात प्रथम उच्च कंपनांचे श्रवण मंदावते; 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने आधीच पुसट झालेली असतात आणि तार ती आणखी कापते. विस्तृत पट्ट्याचे आंतरजालीय संभाषण ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज वाहून नेते, त्यामुळे ते अशा कानास पुष्कळ सुबोध वाटते. परंतु तेच संभाषण मध्येच तारेवर उतरविले तर हा लाभ संपतो. मार्ग भूस्थिर उपग्रहावरून जात असेल, आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील कित्येक मनोऱ्यांची जोडणी तशीच केली गेली, तर निराळी अडचण उद्भवते. उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. वर जाऊन खाली येण्यास आवाजाला सुमारे पाव सेकंद लागतो, उत्तरास तितकाच. मुलगा 'ऐकू येतंय का?' असे विचारून थांबतो, उत्तर येत नाहीसे पाहून पुन्हा बोलू लागतो, आणि तेवढ्यात आईचे पहिले उत्तर येऊन धडकते. दोष आईच्या कानाचा नसतो, अंतराचा असतो.

मग सांगड घालावी कोठे? सर्वांत सुलभ उत्तर असे की, आंतरजालाचा भाग मुलाच्या बाजूस ठेवावा. परदेशातील मुलाने आंतरजालावरून सेवाकंपनीपर्यंत बोलावे आणि तेथून आवाज सार्वजनिक जाळ्यातून आईच्या यंत्रावर जावा; आईला नवे काहीच शिकावे लागत नाही. अशा सेवा मात्र अल्पायुषी ठरतात. २००३ मध्ये निघालेली स्काइप ५ मे २०२५ रोजी बंद झाली. ती वापरणाऱ्यांना दुसरी सोय शोधावी लागली, आईचा क्रमांक मात्र बदलला नाही. उलट दिशेसाठी २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवानाधारक कंपन्यांना आंतरजालीय दूरध्वनीची मोकळीक दिली आणि भारत संचार निगमाने दहा अंकी क्रमांकासह 'विंग्ज' ही सेवा आरंभिली. मुलाकडे असा भारतीय क्रमांक असल्यास आईस नेहमीप्रमाणे अंक फिरवावे लागतात, एवढेच.

दुसरा मार्ग अडॉप्टरचा. ही लहान पेटी साध्या यंत्राला आंतरजालावरून 'डायल टोन' आणि घंटी पुरविते. काही पेट्यांना तारेसाठीही खोबण असते. वीज जाताच आतील रिले सुटतो व यंत्र सरळ तारेस जोडले जाते. वृद्धांच्या घरासाठी हीच रचना श्रेयस्कर म्हणावी लागेल, कारण निवड मनुष्याने नव्हे, यंत्राने केलेली असते. मात्र आंतरजालावरून आलेले बोलणे घरच्या पेटीतून सार्वजनिक तारेवर सोडण्याची जी युक्ती परदेशी लिखाणातून सुचविली जाते, ती भारतात विनापरवाना करणे म्हणजे बेकायदा दूरध्वनी केंद्र चालविण्यासारखे आहे.

तारच उरलेली नसेल तेथे प्रश्न घटाचा होतो. मोडेम दहा वॅट वीज खातो असे धरल्यास १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांचा घट कागदावर आठ तास पुरतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. पुराच्या आठवड्यात तेवढ्याने भागत नाही. छपरावर लहान सौरपट्टी हवी. ब्रिटनमध्येही तांब्याचे जाळे बंद करण्याची मुदत २०२४ मध्ये जानेवारी २०२७ पर्यंत पुढे ढकलावी लागली, ती मुख्यतः वृद्धांच्या गळ्यातील मदत-घंटा जुन्या तारेवर चालत असल्यामुळे. तेथे पर्लकोटा नाही, तरी अडचण तीच.

व्यवस्था कोणतीही असो, तिची परीक्षा मृगापूर्वी घ्यावी : घराचा मुख्य खटका बंद करून मुलाने बाहेरून क्रमांक फिरवावा, आणि आईने शेजारच्या घरी.