ज्वालामुखीच्या बेटावरून रामघाटावर
मैत्रिणी निघाल्या बालीला, ज्वालामुखीवर चढून सूर्योदय बघायला. आणि मी आईसोबत उज्जैनला! रामघाटाच्या पायरीवर तोंड फुगवून बसले होते, तेव्हा शाळेतला भूगोल आठवला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं. माळवा हा त्याचाच उत्तरेकडचा भाग. आपल्या घारापुरीची लेणीही त्याच बेसाल्टात कोरलेली. म्हणजे मुंबईच्या ज्वालामुखी बेटांवरून निघून मी पुन्हा लाव्हावरच येऊन बसले होते की!

तर इथे करायचं काय? पहाटेच घाटावर या. पायऱ्या निसरड्या असतात, जपून उतरा. क्षिप्रा कुठे वाहते ते बघा: पठाराचा उतार उत्तरेला, म्हणून ती तिकडे चंबळेला मिळायला जाते. मग गरम पोहे-जिलेबी (हे चुकवलंत तर उज्जैन पाहिलंच नाही) आणि सवाई जयसिंगाची वेधशाळा. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिरही बघाच.

संध्याकाळी मात्र आरतीला घाटावरच. बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच प्रवासाला निघाली होती. तिने द्रोणातला दिवा पाण्यात सोडला आणि विचारलं, "तुझ्या त्या बालीला तिकीट किती पडतं गं?"