कोणत्या खंडपीठापुढे?

फाशीची शिक्षा : लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चनसिंग निकालापाशी थांबलो. पाचापैकी चार न्यायमूर्तींनी फाशी घटनेत बसते असं ठरवलं, पण ती 'दुर्मिळातील दुर्मिळ' प्रकरणातच द्यावी असं बजावलं. हे शब्द आता इतके गुळगुळीत झालेत की कुठल्याही खुनानंतर संध्याकाळच्या बातम्यांत कानावर पडतात. दुर्मिळ कशाला म्हणायचं, हे मात्र जो तो न्यायाधीश आपापल्या फूटपट्टीने मोजतो.

उत्तर प्रदेशातलं एक प्रकरण घ्या. एका कुटुंबातल्या चौघांचा खून झाला आणि १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली. तिघांचा वाटा सारखाच. पहिल्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये फेटाळली. दुसऱ्याचा अर्ज वेगळ्या खंडपीठापुढे गेला आणि १९७७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेवर आली. तिसऱ्याची याचिका आणखी एका खंडपीठाने फेटाळली. त्याच्या पुनर्विचार अर्जाच्या वेळी 'एका साथीदाराची फाशी रद्द झाली आहे' अशी नोंद कार्यालयीन टिपणात होती, पण सुनावणीत ती कुणाच्या ध्यानातच आली नाही. ६ ऑक्टोबर १९८१ ला पहिल्याला आणि तिसऱ्याला फासावर द्यायचं ठरलं. तिसऱ्याने ऐनवेळी कोर्टात धाव घेतली, त्याला स्थगिती मिळाली. पहिल्याने घेतली नाही. त्याला ठरल्या दिवशी फाशी झाली. फेब्रुवारी १९८२ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तिसऱ्याची फाशी राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलावी, अशी शिफारस केली. पहिल्यासाठी शिफारस करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

बच्चनसिंग प्रकरणातले पाचवे न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी आपलं विरोधी मत १९८२ मध्येच सविस्तर मांडलं. जीव वाचणार की जाणार हे प्रकरण कोणत्या न्यायाधीशांपुढे जातं यावर ठरत असेल, तर त्याला कायदा कसं म्हणायचं, असा त्याचा रोख होता.

आता नाशिक जिल्ह्यात या. जून २००३. रात्री दरोडेखोर एका वस्तीवर आले. त्यांनी एका कुटुंबाच्या घरातल्या पाच जणांना मारलं, बायकांवर अत्याचार केले. आई आणि मुलगा जखमी होऊन वाचले. आरोपी म्हणून सहा जण उभे राहिले, भटक्या जमातीतले, मोलमजुरी करणारे. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. राज्य सरकारने त्या तिघांसाठीही फाशी मागितली आणि ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचं निष्पन्न झालं.

पुनर्विचार अर्ज एकदा फेटाळला गेला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच पुन्हा उघडला, अपिलं नव्याने ऐकली आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले. कागद तेच, साक्षी त्याच. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेचच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो ओळखले होते. तिची जबानी दंडाधिकाऱ्यासमोरही झाली होती. त्या चौघांचा तपास कुणी केलाच नाही, आणि फाशी देणाऱ्या तिन्ही न्यायालयांनी हा कागद बाजूला ठेवला.

'पण त्या आईला काय सांगणार?' असं फाशीच्या बाजूचे लोक विचारतात. प्रश्न खोटा नाही, मी तो उडवून लावणार नाही. पण या प्रकरणात त्या आईनेच बोट ठेवलं होतं, आणि व्यवस्थेने तिचं ऐकलं नाही. तिच्या नावाने सहा जणांना फासाच्या दारापर्यंत नेलं ते तिचं म्हणणं डावलून.

शिक्षेआधीच्या सुनावणीचंही असंच. दोष सिद्ध झाला की न्यायाधीश आरोपीला विचारतात, 'शिक्षेबद्दल काही म्हणायचंय?' बहुतेकांचं उत्तर दोन ओळींचं असतं : साहेब, गरीब माणूस आहे, घरी म्हातारे आईबाप आहेत, दया करा. निकालपत्रात ते तसंच उतरतं. त्याचं बालपण कसं गेलं, डोक्यावर काही परिणाम होता का, सुधारण्याची शक्यता किती, हे शोधायला पैसा, वेळ आणि मनापासून लढणारा वकील लागतो. पुष्कळदा दोष आणि शिक्षा एकाच दिवशी ठरतात. एवढ्या वेळात पुरेशी संधी मिळते का, हा प्रश्न सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठाकडे सोपवला. म्हणजे बच्चनसिंग निकालानंतर बेचाळीस वर्षांनी.

नाशिकच्या खटल्यातल्या सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश महाराष्ट्र सरकारला झाला. अटकेला तोवर जवळपास सोळा वर्षं झाली होती. अल्बममधल्या त्या चौघांचा शोध घेण्याचे आदेशही त्याच निकालात आहेत.

(पुढील लेखांकात : दयेचा अर्ज आणि त्याला लागणारी वर्षं)