व्यत्ययातून घडलेले रडार

जवळून विमान गेले की रेडिओ संदेशांत खरखर उमटते, ही ब्रिटनमधील टपाल खात्याच्या अभियंत्यांना १९३० च्या सुमारास केवळ एक कटकट वाटत होती. परंतु हवाई मंत्रालयाला हवा असलेला ‘मृत्युकिरण’ अशक्य असल्याचे गणिताने दाखवून देताना रेडिओ संशोधक अर्नोल्ड विल्किन्स यांना नेमकी ती नोंद आठवली आणि विमानावर आदळून परतणाऱ्या तरंगांवरून त्याचा माग काढता येईल, असे त्यांनी आपले वरिष्ठ रॉबर्ट वॉटसन-वॉट यांना सुचवले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या प्रक्षेपकाचे तरंग वापरून सुमारे १३ किलोमीटरवरील विमानाची चाहूल घेण्यात आली. पुढे तरंग अखंड न सोडता क्षणिक स्पंदांच्या रूपाने सोडले जाऊ लागले, कारण स्पंद जाऊन परत येण्यास लागलेला वेळ मोजला की अंतर कळते. एका सेकंदाच्या हजाराव्या भागात परतलेला प्रतिध्वनी १५० किलोमीटरवरील वस्तूचा असतो.

ब्रिटनच्या किनाऱ्यावर उभारलेल्या ‘चेन होम’ या रडार केंद्रांच्या साखळीने १९४० च्या हवाई लढाईत मोलाची कामगिरी बजावली, पण तिचे तरंग दहा-बारा मीटर लांबीचे असल्याने तिला सुमारे ११० मीटर उंचीचे मनोरे लागत. तरंग जितका आखूड, तितक्या लहान अँटेनाने त्याचा अरुंद झोत करता येतो. मात्र आखूड तरंग पुरेशा शक्तीने निर्माण करणारे साधन नव्हते. ते बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी घडवले. त्यांच्या ‘पोकळी मॅग्नेट्रॉन’मध्ये तांब्याच्या ठोकळ्यात मधल्या मोठ्या छिद्राभोवती सहा लहान छिद्रे कोरलेली होती आणि चुंबकाच्या प्रभावाने मधल्या छिद्रात गरगर फिरणारे इलेक्ट्रॉन त्या छिद्रांच्या फटींवरून जाताना, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता ती घुमते तसे, पोकळ्यांत सुमारे १० सेंटिमीटर लांबीचे तरंग घुमवीत. २१ फेब्रुवारी १९४० रोजी हे उपकरण प्रथम चालले आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या टिझार्ड शिष्टमंडळाने ते अमेरिकेत नेले. विमानाच्या नाकात मावणारे रडार त्यामुळे शक्य झाले, पाण्याबाहेर आलेल्या पाणबुड्याही रात्री दिसू लागल्या. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीत आजही मॅग्नेट्रॉनच असतो, हे बहुतेकांच्या ध्यानीही नसते.

या आखूड तरंगांना पाऊसही दिसू लागला. विमाने शोधणाऱ्यांच्या दृष्टीने तो अडथळाच होता, पण आज मुंबईतील कुलाब्याचे डॉप्लर रडार नेमके तेच पाहते आणि परतलेल्या तरंगाच्या वारंवारतेतील बदलावरून पावसाचे थेंब रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत, हेही सांगते.

फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश सैन्याची रडारे अचानक गोंगाटाने निकामी झाली, तेव्हा संशय साहजिकच जर्मनांवर गेला. परंतु सैन्याचे संशोधक जेम्स हे यांनी नोंदी तपासल्या असता गोंगाटाची दिशा सूर्याबरोबर सरकत असल्याचे आणि सूर्यावर त्या वेळी मोठा डाग असल्याचे दिसून आले; म्हणजे गोंगाट सूर्याचाच होता. युद्ध संपल्यावर रडारचे तंत्रज्ञ अशा गोंगाटाच्याच मागे लागले. रडारसाठी स्थापन झालेल्या सिडनीच्या प्रयोगशाळेत १९५३ मध्ये भारतीय शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप शिकण्यास गेले आणि तेथे सौर निरीक्षणासाठी वापरलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या ऑस्ट्रेलियाने भारताला भेट दिल्यावर १९६५ मध्ये त्या कल्याणला सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.