कडीत कडी कशी अडकते?

एक साधा प्रश्न विचारतो. पोलादाच्या दोन अखंड कड्या आहेत. त्यांना कोठेही फट नाही. न तोडता त्या एकमेकींत अडकवता येतील का? "नाही," असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. तरीही जादूगार हेच करून दाखवतो आणि आपण टाळ्या वाजवतो. उत्तर ठाऊक असूनही आपण का फसतो, हे मला स्वतःच्या हातांनी पाहायचे होते. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी कड्यांची जादू शिकायला घेतली. तीही रंगमंचावरची नव्हे, तर समोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला दाखवायची.

आमच्या वडिलांच्या पिढीने पुण्याच्या जादूगार रघुवीर यांचे प्रयोग नाट्यगृहात बसून पाहिले. तेथे प्रेक्षक दूर असतो. बदलापूर लोकलमध्ये समोरासमोरच्या बाकांवर माणसे गुडघ्याला गुडघा लावून बसतात. तेवढ्या जवळून काही लपवायचे म्हणजे निराळेच काम.

रंगमंचावरच्या पारंपरिक संचात आठ कड्या असतात. प्रेक्षक समजतो, आठही सुट्या. खरे पाहता दोन सुट्या, दोन एकमेकींत कायमच्या अडकवलेल्या, तीन साखळीसारख्या जोडलेल्या आणि एक फटीची. या शेवटच्या कडीला जादूगार 'चावी' म्हणतात. मी कोणाचे पोट मारतो आहे असे समजू नका; हे रहस्य १८७६ साली 'मॉडर्न मॅजिक' या इंग्रजी पुस्तकात छापून गेलेले आहे. गंमत अशी, की तपासायला आपल्या हाती येतात त्या सुट्या कड्या. दोन कड्या तपासून आपण आठांबद्दल निष्कर्ष काढतो. प्रयोगशाळेत असे केले तर मी जर्नलवर सही करणार नाही!

माझ्या कड्या मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये करून घेतल्या. पाच मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची सळई, कडीचा व्यास दहा सेंटिमीटर; म्हणजे एका कडीला सुमारे ३१.४ सेंटिमीटर सळई. तीन कड्यांची तोंडे आर्गन वेल्डिंगने जोडून, घासून पॉलिश केली. चौथीला सहा मिलिमीटरची फट ठेवायला मी सांगितले होते. कड्या घ्यायला गेलो तेव्हा कारागीर ओशाळून म्हणाला, "सर, एका जॉबचं तोंड उघडंच राहिलंय. दहा मिनिटं थांबा, लावून देतो." त्याला थांबवताना माझी कोण धांदल उडाली!

आता हिशेब पाहा. ३१४ मिलिमीटर परिघात फट फक्त सहा मिलिमीटर, म्हणजे शंभरात दोन भागही नाही. अंगठ्याखाली ती सहज दडते. मग मेंदू पुढचे काम आपण होऊन करतो. खिडकीच्या गजांआडून जाणारी मालगाडी तुम्हाला तुकड्यातुकड्यांची दिसते का? नाही, गजांमागचा भाग न दिसताही गाडी सलगच वाटते. तसेच अंगठ्यामागे कडी अखंड आहे हे आपण गृहीत धरतो, आणि गृहीत धरले हे आपल्या ध्यानातही येत नाही.

दोन महिने आरशासमोर घालवल्यावर मी उल्हासनगरला, आमच्या महाविद्यालयात, अकरावीच्या वर्गात खेळ केला. एका हातात चावी, दुसऱ्यात अखंड कडी. अंगठ्याजवळ एकदा आपटली, दुसऱ्यांदा आपटली, तिसऱ्यांदा अंगठा किंचित सैल करून फटीतून आत सरकवली. कडीत कडी! वर्ग चूप.

मग पुढच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला. "सर, अणू बराचसा पोकळ असतो असं तुम्हीच शिकवलंत. मग पोकळीतून पोकळी का जाणार नाही?" प्रश्न लाखमोलाचा होता. पोकळ असूनही पोलाद पोलादातून जात नाही याचे मूळ वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या अपवर्जन तत्त्वात आहे: दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. पदार्थाच्या स्थैर्याला हे तत्त्व आवश्यक आहे, याची गणिती सिद्धता फ्रीमन डायसन आणि अँड्र्यू लेनर्ड यांनी १९६७ मध्ये दिली. रोज बाकावर बसूनही त्यातून खाली न पडणाऱ्या आपणा सर्वांना हे जरा उशिराच कळले म्हणायचे.

दोन बंद वळसे एकमेकांत किती वेळा गुंतले आहेत, ते मोजण्याची रीत गाउस यांनी १८३३ मध्ये टिपून ठेवली होती. चुंबकत्वाचा अभ्यास करताना त्यांना ती सुचली. वळसे कितीही वाकवा, ताणा. एक दुसऱ्यातून आरपार गेल्याशिवाय ती संख्या बदलत नाही. मघाशी शून्य होती, आता एक आहे आणि पोलाद पोलादातून गेलेले नाही. तेव्हा निदान एक वळसा बंद नव्हताच. माझ्या हातांकडे न पाहताही हे सिद्ध करता येते!

आणि खरोखरच, न पाहणारीनेच मला पकडले. मागच्या बाकावर एक मुलगी मान खाली घालून जर्नल पुरे करत होती. खेळ संपवून मी कड्या टेबलावर ठेवत होतो. ती मान वर न करताच म्हणाली, "सर, त्यातली एक बद्द वाजतेय."

बाजारात माठ घेताना आई टिचकी मारून पाहते, तीच ही परीक्षा. माझ्या मापाची अखंड कडी वाजली, की गणिताने तिचा मुख्य स्वर सेकंदाला सुमारे एक हजार कंपनांचा येतो. कडी कापली की दोन्ही टोके मोकळी होतात. बंधन सुटल्याने कडी सहज वाकते, कंपने सावकाश होतात आणि स्वर उतरतो. अंगठ्याने लपलेली फट कानाला मात्र लपली नाही.

तेव्हापासून मी चावी मुठीत घट्ट धरतो, म्हणजे तिची कंपने हाताच्या मांसात जिरतात. दुसरी कडी दोन बोटांत अलगद धरून तिच्यावर आपटतो. ऐकू येतो तो अखंड कडीचाच नाद. खाली ठेवताना चावी रुमालावर ठेवतो. हे सफाईने जमायला आणखी चार महिने गेले, आणि त्या मुलीसमोर मी अजून पुन्हा खेळ केलेला नाही.

तुम्ही करून पाहा. लोखंडी सळईच्या सारख्या मापाच्या दोन कड्या करून घ्या, एक जोडलेली, एक फटीची. दोऱ्याने टांगा, पेन्सिलीने टिचकी मारा. मित्राला पाठमोरा उभा करून, फटीची कडी कोणती ते दहा वेळा ओळखायला सांगा. मग फटीच्या कडीचा दोरा फटीशेजारी बांधा, फटीच्या बरोबर समोर बांधा, आणि नाद किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजा. माझे आकडे मुद्दामच देत नाही.