दोष जागच्या जागी

सोलापुरात टॉवेल विणणाऱ्या एखाद्या कारखान्यात, सुधारलेल्या मागाजवळ घटकाभर उभे राहावे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पोलादाची एक पातळ पट्टी, जिला कामगार ड्रॉपर म्हणतात, लटकत असते. धागा शाबूत आहे तोवर ती अधांतरी राहते, आणि तो तुटताच खाली पडून विद्युतमंडल पूर्ण करते, त्यासरशी माग थांबतो, विणकर तुटलेली टोके हुडकून गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू लागतो. हजारो धाग्यांपैकी एकाची कसूर साऱ्या कापडास बाधू नये, एवढ्यासाठी ही तजवीज. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीच्या भोंग्यावर ज्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या आपला दिवस मोजला, तेथील वाचकास कृत्रिम स्नायूंचा अवघड प्रश्न या ड्रॉपरच्या वाटेने लवकर उमगेल, अशी माझी खात्री आहे.

हा स्नायू म्हणजे सिलिकोनसारख्या रबरी द्रव्याचा एक पातळ पापुद्रा असून त्याच्या दोन्ही अंगांस, ताणले तरी न तडकणारा कार्बनचा लेप दिलेला असतो. लेपांना हजारो व्होल्टचा दाब दिला म्हणजे परस्परविरुद्ध विद्युत्‌भार एकमेकांस ओढतात, मधला पापुद्रा चेपला जातो, आणि त्याचे आकारमान बदलत नसल्यामुळे तो आडवा पसरतो. दाब काढला की पूर्ववत होतो. क्ष-किरणांच्या शोधापूर्वी, 1880 सालीच, रॉंटगेनने ताणलेल्या रबरावर विद्युत्‌भाराचा हा परिणाम अभ्यासला होता. परंतु 2000 साली कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्थेच्या संशोधकांनी शंभर टक्क्यांहून अधिक प्रसरण दाखविले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे गेले.

बळ हवे तर विद्युत्‌क्षेत्र तीव्र हवे, आणि सारी अडचण येथेच आहे. पन्नास मायक्रोमीटर जाडीच्या सिलिकोनला 5,000 व्होल्ट दिले तर वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अडीचपट चेप मिळतो खरा, पण पापुद्रा आपल्या सहनशक्तीच्या सीमेपाशी येऊन ठेपतो. अशा वेळी एखादा धूलिकण किंवा हवेचा सूक्ष्म बुडबुडा जेथे राहून गेला असेल, तेथे क्षेत्र वाढते, त्यामुळे ती जागा अधिक चेपते, चेपल्यामुळे आणखी पातळ होते, आणि पातळ झाल्यामुळे तेथील क्षेत्र पुन्हा वाढते. अखेर ठिणगी पडते, दोन्ही लेप जळक्या छिद्रातून जोडले जातात, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या जागेपायी सबंध स्नायू निकामी होतो. येथे गाठ मारणारा विणकर नाही.

द्रव्य गाळून घेणे आणि पापुद्रा आधीच ताणून ठेवणे हे उपाय जुने आहेत व त्यांचा उपयोगही होतो. परंतु निर्दोष पापुद्र्याच्या मागे धावण्यापेक्षा दोष जागच्या जागी अडविण्याची विद्या मला अधिक मोलाची वाटते. 2018 साली कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी घन पापुद्र्याच्या जागी मुख्यतः तेलाचाच आश्रय घेतला: ठिणगी पडून गेली की तेल ती जागा पुन्हा भरून काढते. मात्र ते तेल पिशवीत बंदिस्त ठेवावे लागते, आणि पिशवी गळू न देणे हा निराळा बंदोबस्त होऊन बसतो. दुसरी युक्ती कार्बनच्या नॅनोनलिकांच्या विरळ लेपाची. ठिणगीच्या उष्णतेने छिद्राभोवतालचा लेपच जळून जातो, त्यामुळे ते छिद्र प्रवाहापासून तुटते आणि उरलेला स्नायू काम करीत राहतो.

मोठ्या जखमेस मात्र हे आपोआप साधत नाही. म्हणून मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी, एक ग्रॅमहूनही हलक्या उडत्या यंत्रकीटकाच्या स्नायूंवर प्रयोग करताना, जखमेभोवती लेसरने लेप जाळून तिला वेगळे काढले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत शंभराहून अधिक वेळा सुईने टोचलेले स्नायू आपले काम करीत राहिले. जखम खरोखर विलग झाली की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी स्नायूत विद्युत्‌क्षेत्रात प्रकाशणारे कण मिसळले होते. दाब देताच स्नायू उजळे, आणि लेसरने वेढलेला तेवढा ठिपका काळा राही.